सात फुटांचं फाटक

आमच्या वावराच्या फाटकाचं माप मी जानेवारीत घेतलं, आणि सगळी गोम तिथंच आहे. हे तेव्हा कळलं असतं तर आज हे लिहायची पाळी आली नसती. कळलं नव्हतं असंही म्हणता येत नाही. सांगणारा समोर उभा होता. मी ऐकलं नाही.

आमचं गाव कळमेश्वरपासून दोन कोसांवर. मी तेव्हा नागपुरात एका सरकारी कचेरीत नकाशे काढायच्या कामावर होतो. इतवारीत एक खोली घेऊन राहायचो आणि शनिवारी दुपारी सुटलो की एस.टी. पकडून गावी यायचो. खिशात डबीतला पोलादी टेप असायचा. सोडला की सर्रकन आत जाणारा. गावात तसा टेप दुसऱ्या कोणाकडे नव्हता, आणि नाही हे मी कोणाला विसरू देत नव्हतो. कोणाच्या घरी चहाला बसलो तरी बोलता बोलता खाटेची लांबी मोजायचो. अर्ध्या हळकुंडानं पिवळा म्हणतात तो मी.

त्या वर्षी बाबांनी विहिरीच्या अंगाला दोन एकर संत्रा लावला. बाकीचं वावर कापूस-ज्वारीचंच राहिलं. संत्र्याची कलमं म्हणजे गावच्या मोकाट ढोरांना मेजवानी, म्हणून चहूबाजूंनी काटेरी तार ओढायचं ठरलं, आणि तार आली म्हणजे फाटक आलंच. तोवर आमच्या वावरात शिरायची वाट म्हणजे पांदणीच्या, म्हणजे शेतरस्त्याच्या, बाजूला धुऱ्याच्या बांधात सोडलेली एक मोकळी जागा. संध्याकाळी तिच्यात बाभळीची काटी ओढून ठेवायची, सकाळी बाजूला करायची. ती जागा किती रुंद होती हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण तिथं कोणाचं कधी अडलं नव्हतं.

"तू नकाशे काढतं ना," बाबा म्हणाले, "मंग तूच ठरव किती पाह्यजे ते."

मी ठरवायला बसलो ते मोठा पूल बांधायला निघाल्यासारखा. रिकामी बैलबंडी मोजून फाटक करणारे आणि मग कापूस भरला की कपाळाला हात लावणारे लोक मी पाहिले होते. मी त्यांच्यातला नव्हतो. मी कापसानं भरलेली बंडी मोजली. चाकाबाहेर निघालेल्या आसाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग वर फुगलेल्या कापसाच्या बोऱ्याची रुंदी. सहा फुटांच्या आत बसलं. दोन्हीकडे अर्धा-अर्धा फूट मोकळा धरला. सात फूट. बाबा म्हणाले, "थोडं मोठं नाही कराव काय?" तर मी त्यांना समजावलं की पल्ला जितका रुंद तितका तो वजनानं लोंबतो, खाली घासतो, खांबाला आत ओढतो. हे सगळं खरंच आहे. मी खोटं असं एक अक्षर बोललो नव्हतो, आणि तरी सगळं चुकलं.

पांदणीच्या पलीकडे ज्याचं वावर होतं, तो माणूस त्या वेळी आमच्याच बंडीजवळ उभा होता. मी त्याला काका म्हणायचो. नात्यातला नव्हता, पण नात्यातल्यापेक्षा जास्त आमच्या घरात होता. आमच्या जोडीतला एक बैल रोगानं गेला होता आणि त्याच्या जोडीतला एक म्हातारा होऊन बसला होता, तेव्हापासून आमची सावड होती. आमचा एक बैल आणि त्याचा एक बैल मिळून एक जोडी. ती दोन्ही वावरं करायची. हाकायचा काकाच, कारण बाबांचे गुडघे गेले होते आणि मी नागपूरचा झालो होतो.

काकाची गावात एक वेगळी ओळख होती. कोणाचाही गोऱ्हा पहिल्यांदा जुंपायचा तर तो त्याच्या हातानं. आठ-दहा दिवस तो नुसतं जू मानेवर ठेवून गोऱ्ह्याबरोबर पांदणीनं चालायचा, त्याच्याशी बोलायचा, तुतारी, म्हणजे बैलाला टोचायची काठी, कमरेला खोचलेली असायची पण बाहेर निघायची नाही. मारलेला बैल मार चुकवायले शिकते, काम करायले नाही, असं म्हणायचा. सावनेरच्या बाजारातून गोऱ्हा आणला की लोक आधी त्याच्या दारात बांधायचे आणि मग आपल्या घरी जेवायला जायचे. बैलांच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. त्याच्याकडे तेवढीच एक मिरवण्यासारखी गोष्ट होती आणि तीही तो मिरवायचा नाही.

मी टेप धरून बंडीभोवती फिरत होतो, तो पाहत होता. शेवटी म्हणाला,

"बाबू, डवऱ्याचं जू काढू काय खाली?"

"काहून?"

"माप घेऊन राहिला ना तू. सगळ्यात लांब तेच आहे."

डवरा म्हणजे उभ्या पिकाच्या ओळींमधलं तण काढायचं औत. बंडीचं जू आखूड असतं, बैल एकमेकांना खेटून चालतात. डवऱ्याचं जू लांब, कारण बैलांनी पीक न तुडवता मधल्या ओळी सोडून चालायचं असतं, आणि त्यांच्यामागे दोन डवरे एकदम चालवायचे असतात. आखाड-श्रावणात महिना-दीड महिना ते लागतं. उरलेलं वर्ष ते गोठ्याच्या आढ्यावर पडून असतं, आणि जानेवारीत तर त्याच्यावर कोळ्यांनी संसार मांडलेला असतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. शाळेच्या दिवसांत मी त्या डवऱ्यामागे चाललो आहे, पायाला कापसाची धसकटं लागून रडलोही आहे. पण जानेवारीत समोर जू नव्हतं, बंडी होती, आणि जे समोर दिसेल तेच मोजायची मला सवय लागली होती.

"काका, डवरणी वर्षातून महिनाभर," मी म्हणालो.

"हो. पण फाटक तं बाराही महिने राह्यन."

मी हसलो आणि टेप डबीत सोडला. सर्र. त्या आवाजानं बोलणं संपतं हे मला ठाऊक होतं. काका गोठ्याकडे निघाला होता तो थांबला, आणि परत येऊन कापसाची गाठोडी सारखी करायला लागला.

फाटक मी इतवारीत करून घेतलं. लोखंडाच्या दुकानांच्या गल्लीत वेल्डिंगवाल्याच्या डोक्यावर दोन संध्याकाळी उभा राहिलो. अँगलचं, एका पल्ल्याचं, मधे आडव्या पट्ट्या. कडी अडकवायचा आकडा मी स्वतः कागदावर काढून दिला होता. बोटाएवढ्या जाड सळईचा, खांबातून बाहेर निघालेला, टोकाशी वर वळवलेला. हुशार ढोरं शिंगानं कडी उचलतात, त्यांना ती उचलता येऊ नये म्हणून. वेल्डिंगवाला म्हणाला, एवढा बाहेर कशाला? मी त्याला कारण सांगितलं. त्याला पटलं की तो कंटाळला, कोण जाणे.

खांब सिमेंट-गिट्टीत बसले, पल्ला लागला, आणि गावातले लोक येऊन उघडझाप करून पाहून गेले. कापसाची शेवटची बंडी माझ्यासमोर त्यातून बाहेर गेली, दोन्हीकडे अर्धा-अर्धा फूट सोडून, अगदी कागदावर होती तशी. बाबांनी कोणाला तरी सांगितलेलं मी मागून ऐकलं, "पोरानं मोजून केलं आहे." मी पुढचे पाच महिने त्या एका वाक्यावर काढले.

मग आखाड आला आणि जू खाली आलं.

जुलैतल्या एका रविवारी मी वावरात गेलो तेव्हा काका फाटकाबाहेर जोडी सोडत होता. आधी मला कळलंच नाही तो काय करतो आहे. त्यानं दोन्ही बैलांच्या मानेखालचे पट्टे सोडले, जू उतरवलं, आमचा बैल आत नेऊन बांधला, मग स्वतःचा आणला, मग जू उभं करून खांद्यावर घेऊन आला, मग एकेक डवरा. आत आल्यावर पुन्हा सगळी जुंपणी. आमच्याकडे दोन ओळी होतात न होतात तोच आभाळ भरून आलं, तेव्हा त्याला आधी आपल्या पाणथळ कोपऱ्यात डवरे फिरवून घ्यायचे होते. पुन्हा सोडलं, पुन्हा बाहेर, पुन्हा जुंपलं. ज्यांनी डवरणी केली आहे त्यांना पावसाची उघाड म्हणजे काय चीज आहे ते सांगायला नको. वापसा, म्हणजे औत चालेल इतपत सुकलेली माती, मिळतो तो एखाद्या सकाळपुरता, आणि माझ्या फाटकानं त्यातला निम्मा खाल्ला होता.

मी टेप काढला नाही. डोळ्यांनीच दिसत होतं. जू साडेसात फुटांच्या वर चार बोटं होतं.

"थोडं कमी पडते बाबू," तो म्हणाला. "पण होते."

"दिवाळीनंतर पाहू काका," मी म्हणालो. आत्ता खांब उखडायचे तर सिमेंट फोडावं लागेल, चिखल आहे, वगैरे. कारणांची मला कधी वाण नव्हती. खरं कारण असं होतं की बाबा विहिरीच्या थारोळ्यावर बसले होते आणि मला त्यांच्यापुढे माझं माप चुकलेलं नको होतं.

पुढच्या रविवारी आलो तर काकानं जोडीला नवीनच चाल शिकवली होती. फाटकाशी आलं की तो जिभेनं एक आवाज काढायचा. डावीकडचा आमचा बैल दीड हात पुढे सरायचा, उजवीकडचा त्याचा बैल तेवढाच मागे राहायचा, जू तिरपं व्हायचं आणि दोघं तसेच तिरपे, खांबांना अंग घासत, आत यायचे. आठ दिवसांत दोन बैलांना हे शिकवणारा माणूस जिल्ह्यात दुसरा नसेल. त्याच्या अक्कलहुशारीनं माझी चूक झाकली गेली होती, आणि मी काय म्हणावं?

"जमते की काका," मी म्हणालो. कौतुकानं. माझ्या फाटकाच्या कौतुकानं.

तिसऱ्या रविवारी मी पल्ला धरून उभा होतो. पोळ्याला पंधरवडा उरला होता. पश्चिमेकडून आभाळ काळं झालं होतं आणि काका जोडी घेऊन आमच्याकडून आपल्याकडे निघाला होता. त्यानं आवाज काढला, आमचा बैल पुढे सरला, जू तिरपं झालं. त्याच वेळी गडगडलं. फार मोठं नाही. आमचा बैल दचकला आणि नेहमीपेक्षा दोन पावलं जास्त ओढून गेला. जुवाची मागची बाजू फिरली, त्याचा बैल उजव्या खांबावर दाबला गेला, आणि त्यानं मान वर झटकली तेव्हा त्याचं शिंग माझ्या आकड्यात होतं. ढोरांना कडी उचलता येऊ नये म्हणून वर वळवलेला तो आकडा.

शिंग मुळाशी तडकलं. आवाज मला अजून सांगता येईल, पण सांगत नाही. रक्त बैलाच्या डोळ्यात, नाकावर, काकाच्या सदऱ्यावर. काकानं एका हातानं वेसण धरली होती, दुसऱ्या हातानं शिंगाची बूड दाबून धरली होती आणि बैलाच्या कानाशी तोंड नेऊन त्याच्याशी बोलत होता, गोऱ्ह्याशी बोलायचा तसा. बाबा गुडघे धरत धरत आले. जवळच्या वावरांतले तिघं-चौघं धावत आले.

"काय झालं गा?"

कोणीतरी खांबाकडे पाहून म्हणालं, "फाटक बारीक आहे काय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत संशय नव्हता. ज्याला माहीत आहे त्याला विचारावं, तसं विचारलं त्यांनी.

"अरुंद झालं काय गा?"

इथं मला एक शब्द बोलायचा होता. हो. एवढाच. त्यानं माझी नोकरी जाणार नव्हती की घर बुडणार नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "माप बरोबर आहे. भरली बंडी जाते त्याच्यातून, तुम्ही पाहिली. जू काढून एकेक बैल न्यायचा असतो. यांनी तसेच तिरपे घातले."

काकानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग बाबांकडे पाहिलं.

"हो भाऊ," तो म्हणाला. "चुकी माहीच आहे. घाई केली म्या."

मला सगळ्यात आधी काय वाटलं ते सांगतो, कारण तेच सांगायची लाज वाटते. सुटल्यासारखं वाटलं. मनातल्या मनात मी त्याचे आभारही मानले असतील. मग कळमेश्वरच्या ढोरांच्या दवाखान्यात बैल न्यायला मी सगळ्यांच्या पुढे होतो, दोरी धरून, आणि वाटेत भेटेल त्याला "अहो, तिरपा घातला" असं सांगायलाही. कोणी विचारलं नव्हतं तरी.

बैल वाचला. उजवं शिंग गेलं. पण ती गोष्ट गावात वेगळ्याच वाटेनं फिरली. बैल कोणाचा मोडला यापेक्षा कोणाच्या हातानं मोडला हे लोकांना जास्त रुचकर होतं. दुसऱ्यांचे गोऱ्हे शिकवते, आपलाच बैल फाटकातून नेता येत नाही. हात गेला त्याचा. नजर कमी झाली असेल. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही, फक्त इथं चोर बाजूला उभा राहून मान हलवत होता. दिवाळीनंतर एकानं बाजारातून गोऱ्हा आणला तो सरळ आपल्या गोठ्यात बांधला. मग दुसऱ्यानं. काकाच्या दारातला खुंटा तसाच होता, पण त्याला दोरी लागली नाही. पांदणीनं नवा गोऱ्हा उधळत जाताना दिसला की तो उभा राहून शेवटपर्यंत पाहायचा, एवढंच.

पण पोळ्याचं सांगायचं राहिलं. त्या वर्षी मी रजा काढून आलो होतो. आमची सावडीची जोडी दरवर्षी तोरणाखाली एकत्र उभी राहायची: आमचा बैल डावीकडे, त्याचा उजवीकडे, जुंपतात तशीच. बैलाला आपली बाजू ठाऊक असते. ती बदलली तर त्याला करमत नाही. त्या दिवशी मी आलो तेव्हा तोरणाखाली काकाचा बैल डावीकडे होता आणि आमचा उजवीकडे. दोघंही अस्वस्थ, सारखे पाय बदलत होते, एकमेकांना ढकलून आपल्या जागी जायला पाहत होते. काका मधे उभा राहून दोघांच्या माना थोपटत होता. मी म्हणालो, "काका, जोडी उलटी झाली."

"राहू दे," तो म्हणाला.

मग मला दिसलं. त्याच्या बैलाचं उजवं शिंग मोडलं होतं. नेहमीच्या जागी उभा केला असता तर मोडकी बाजू बाहेर, सगळ्या गावाच्या तोंडासमोर आली असती. डावीकडे उभा केल्यावर ती आमच्या बैलाच्या आड गेली. बाहेरच्या बाजूला राहिलं ते धड शिंग, हिरव्या वारनिशानं रंगवलेलं, बेगड लावलेलं. मला वाटलं, स्वतःची शोभा झाकतो आहे. तसंच वाटून घेतलं मी. तो कोणाची शोभा झाकत होता हा विचार माझ्या डोक्यात आला आणि मी तो पुढे जाऊ दिला नाही. झडत्या, म्हणजे पोळ्यात एकमेकांना टोमणे मारणारी गाणी, सुरू झाल्या तेव्हा कोणीतरी फाटकावर एक जोडून म्हटली आणि लोक हसले. मीही हसलो.

पुढच्या जानेवारीत मी फाटक मोठं केलं. एवढं तरी केलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. पण कसं केलं ते ऐका. बाबांना म्हणालो, "सावनेरच्या रस्त्याला एकानं ट्रॅक्टर घेतला आहे. उद्या आपल्याकडेही भाड्यानं येईल. आत्ताच बारा फूट करून ठेवू." बाबांना केवढा आनंद झाला. गावात बोलणं झालं की शिकलेला माणूस पुढचं पाहते. दोघा-तिघांनी आपली फाटकं माझ्या मापानं बारा फुटांची केली आणि मला बोलावून दाखवली. मी गेलो, पाहिली, टेप लावून बरोबर आहे असं सांगितलं. हात दाखवून अवलक्षण होतं तसं माझं उलटं व्हायचं. जे करायचो त्याचं सुलक्षणच ठरायचं.

खांबासाठी नवे खड्डे खणायला काका आला होता. न बोलावता. पहिलं त्यानं काय केलं असेल तर गोठ्याच्या आढ्यावरून डवऱ्याचं जू उतरवलं, जाळी झटकली आणि खड्ड्यांच्या मधे जमिनीवर आडवं ठेवलं. दोन्हीकडे दोन-दोन फूट जागा उरली. जुवाच्या एका टोकाला माझ्या खांबावर घासून लाकूड सोललं गेलं होतं, ते अजून पांढरं दिसत होतं. मी टेप हातात धरून उभा होतो. काका जुवाकडे पाहत म्हणाला, "आता पुरते."

बाबा थारोळ्यावरून म्हणाले, "आता रस्ता मोठा झाला गा तुले. आता नको मोडू काही."

"नाही मोडत भाऊ," काका म्हणाला.

बाबा समोर होते, काका समोर होता, जू समोर होतं. आणखी काय पाहिजे होतं मला? मी खड्ड्याची खोली मोजायला वाकलो.

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, कारण मी काही केलं नाही. बाबा आहेत तोवर कसं सांगायचं, असं म्हणत राहिलो. बाबा गेले. मग आता सांगून काय, असं म्हणत राहिलो. आम्ही बैल विकला, सावड सुटली. खरंच एक भाड्याचा ट्रॅक्टर त्या फाटकातून आत गेला आणि लोकांनी मला त्याची आठवण करून दिली. मग एका वर्षी उन्हाळ्यात काका गेला. मी नागपूरहून तेरवीला गेलो.

जेवणं झाल्यावर माणसं मांडवात सुपारी कातरत बसली होती. त्याच्याविषयी बोलणं चाललं होतं. चांगलंच बोलत होते. एक म्हणाला, "बैलाचा हात म्हणजे त्याचाच. शेवटी तेवढं ते शिंगाचं झालं, नाही तं..." तेव्हा मी बोललो. पहिल्यांदा, बारा-पंधरा माणसांसमोर. म्हणालो की फाटक अरुंद होतं, माप मी चुकवलं होतं, त्यानं मला आधीच सांगितलं होतं, आणि त्या दिवशी मी खोटं बोललो.

एक म्हातारा म्हणाला, "तुमचं मन मोठं आहे. गेलेल्या माणसाचा दोष आपल्या अंगावर घेता." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी पुन्हा सांगितलं. त्यांना ते आणखी आवडलं. माझं खोटं त्यांनी एका शब्दावर घेतलं होतं, आणि खरं दोनदा सांगूनही कोणी घेईना.

उठून मागच्या अंगणात गेलो. काकू चुलीजवळ बसली होती. मला पाहून म्हणाली,

"बाबू, म्या ऐकलं आतून."

"ते खरं आहे काकू. मोठं मन वगैरे काही नाही."

"मले माहीत आहे. त्यायनं मले त्याच दिवशी सांगतलं होतं, रक्ताचा सदरा धुवाले देतानी."

मी तिच्यासमोर बसलो.

"मंग तुम्ही कोणाले काहून नाही सांगितलं?"

"मना केलं होतं मले. म्हणे, त्याचा बाप समोर पाहून राहिला होता. बापापुढे पोराले खोटा कसा पाडू. थांब म्हणे, तो आपल्या तोंडानं सांगन." तिनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "दर पोळ्याले तू गावी येस. मी रात्री पुसो त्याईले, बोलला काय बाबू? ते म्हणत, नाही अजून. बोलन."

मग तिनं मला चहा दिला. मी तो प्यालो. तिनं रागानं दिला नव्हता, आणि राग असता तर मला प्यायला सोपा गेला असता.

परतीच्या एस.टी.त मी पोळे मोजले. बारा झाले होते.